अल्झायमर आणि त्याचा धोका: ठाणे-नवी मुंबईतल्या कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बहुतेक प्रश्न मुलगा, मुलगी किंवा सून आई-वडिलांसाठी विचारते. धोक्याबद्दलची उत्तरं मात्र विचारणाऱ्यालाच जास्त लागू पडतात. का, ते प्रश्न ५ मध्ये आहे.

१. डिमेन्शिया आणि अल्झायमर एकच का?

नाही. ‘कावीळ झाली’ म्हटलं तरी ती कशामुळे हा प्रश्न उरतोच, तसंच डिमेन्शियाचं आहे. स्मरण, भाषा, निर्णय, दिशा यांपैकी काही क्षमता एवढ्या घटल्या की रोजचे व्यवहार जमेनासे झाले, तर त्याला डिमेन्शिया किंवा स्मृतिभ्रंश म्हणतात. अल्झायमर हे त्याचं सर्वांत मोठं कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ६० ते ७० टक्के रुग्णांमध्ये ते सापडतं. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार, लेवी बॉडी (भास आणि ताठरपणा आणणारा आजार), फ्रंटोटेम्पोरल (मेंदूच्या पुढच्या व बाजूच्या भागाचा आजार) ही इतर कारणं. वय वाढलं की दोन कारणं एकत्र असणं नेहमीचंच. कारण ओळखणं महत्त्वाचं, कारण औषधं बदलतात (प्रश्न १७ पाहा).

२. मेंदूत नेमकं काय बिघडतं?

१९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ५१ वर्षांची एक बाई आणली गेली. तिला स्वतःचं नाव लिहिता लिहिता पुढचं आठवेना. १९०६ मध्ये ती वारल्यावर आलोइस अल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि त्यांना दोन गोष्टी दिसल्या. पेशींच्या बाहेर साचलेले थर, ज्यात ॲमिलॉइड नावाचं प्रथिन असतं. आणि पेशींच्या आत पडलेली गुंतवळ, जी टाऊ नावाच्या प्रथिनाची असते. टाऊचा मारा लवकर बसतो तो हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या आसपासच्या भागावर. नवी आठवण तिथे नोंदली जाते. म्हणून १९७२चा दुष्काळ तपशीलवार सांगणाऱ्या आजोबांना सकाळी काय खाल्लं ते सांगता येत नाही. ‘जुनं सगळं आठवतं, मग आजार कसला?’ हा युक्तिवाद इथेच फसतो.

ही साचण्याची क्रिया लक्षणांच्या १५ ते २० वर्षं आधी सुरू होते.

३. साधं विसरणं कुठे संपतं आणि आजार कुठे सुरू होतो?

नाव जिभेवर अडलं आणि तासाभराने आठवलं, तर ते बहुधा वयाचं किंवा थकव्याचं. प्रसंगच मुळात घडल्याचं आठवत नसेल, खूण देऊनही आठवत नसेल, तर लक्ष द्या.

घरात आधी दिसतात ते बदल असे: सोसायटीचा मेंटेनन्स दोनदा भरला जातो. वर्षानुवर्षं चकलीची भाजणी अंदाजाने करणाऱ्या बाईला धान्यांचं प्रमाण सुचत नाही. ठाण्याहून पनवेल गाडी पकडायची की वाशी, हे वीस वर्षं प्रवास केलेल्या माणसाला तुर्भ्याला उमगत नाही. एकच प्रश्न दहा मिनिटांत चौथ्यांदा येतो. पैशाचा हिशेब बिघडणं ही खूण फार लवकरची असते, आणि घरचे तिलाच सर्वांत उशिरा गंभीरपणे घेतात.

कधी आजार स्मरणापासून सुरूच होत नाही. शब्द सापडत नाहीत, किंवा डोळे चांगले असूनही पायरीची खोली कळत नाही, समोरची वस्तू दिसत नाही. चष्म्याचे तीन नंबर बदलून झाले तरी तक्रार तीच असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.

४. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणतातच. म्हातारचळ वयानुसार लागणारच ना?

नाही. भारतात साठीपुढच्या लोकांच्या देशव्यापी पाहणीतून २०२३ मध्ये ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज पुढे आला. शंभरातल्या ९२ जणांना तो नाही. वय हा सर्वांत मोठा धोका आहे हे खरं. पासष्टीनंतर दर पाच वर्षांनी शक्यता साधारण दुप्पट होते. पण म्हणीचा उपयोग आपल्याकडे तपासणी टाळायलाच जास्त होतो.

५. बाबा ७८ वर्षांचे, त्यांना अल्झायमर आहे. मी ४८ची. मी आत्ता काय करू?

प्रश्न २ मधली १५-२० वर्षं मोजा. सत्तरीत दिसणाऱ्या आजाराची मशागत पन्नाशीत होते, म्हणून हा प्रश्न योग्य वेळी विचारलात.

लॅन्सेट नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये बदलता येण्यासारखी १४ कारणं मोजली. जगभरातल्या सुमारे ४५ टक्के डिमेन्शियाशी ती जोडलेली आहेत. सर्वांत मोठा वाटा दोघांचा: कमी ऐकू येणं आणि वाईट कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएल, प्रत्येकी ७ टक्के. बालपणी कमी शिक्षण आणि म्हातारपणी एकटेपणा प्रत्येकी ५. नैराश्य, डोक्याला मार आणि हवेचं प्रदूषण प्रत्येकी ३. बैठं जगणं, मधुमेह, धूम्रपान, उच्च रक्तदाब आणि उपचार न केलेली कमी दृष्टी प्रत्येकी २. लठ्ठपणा आणि अतिमद्यपान प्रत्येकी १.

हे आकडे सबंध समाजाचे आहेत. ‘सगळं पाळलं तर माझा धोका ४५ टक्के घटला’ असा त्यांचा अर्थ होत नाही. अंगमेहनत करणाऱ्या, सडपातळ, निर्व्यसनी माणसालाही अल्झायमर होतो.

तुमच्यासाठी क्रम असा लावा: यंदा बीपी, एलडीएल आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) तपासा. ऐकण्याची आणि डोळ्यांची चाचणी करा. मोतीबिंदू ‘पिकू द्यायचा’ ही जुनी समजूत सोडा. आठवड्याला किमान १५० मिनिटं असं चाला की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. दुचाकीवर हेल्मेट घाला, मागे बसलात तरी. घोडबंदर रोडचे खड्डे पाहता हा सल्ला नुसता मेंदूविकाराचा नाही. दारूबाबत आयोगाने धरलेली धोक्याची रेषा आठवड्याला ३० मिलीचे साधारण १६ पेग एवढी येते. तिच्या आत राहिलं म्हणजे दारू औषध झाली असं मात्र नाही.

६. आईला कमी ऐकू येतं, पण मशीन कपाटात पडून आहे. त्याचा विसरण्याशी काय संबंध?

संबंध बराच आहे. ऐकू कमी आलं की आवाजाचा अर्थ लावण्यातच मेंदू दमतो आणि लक्षात ठेवायला शक्ती उरत नाही. हसं होईल म्हणून माणूस चारचौघांत बसणं सोडतो, आणि प्रश्न ५ मधलं एकटेपणाचं कारणही मागोमाग येतं.

आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कानातला मळ काढून घ्या, मग ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची चाचणी करा. चांगल्या कानाची घट ३५ डेसिबलच्या पुढे असेल तर ती व्यवहारात अडथळा आणणारी मानतात.

मशीन कपाटात जाण्याची कारणं ठरलेली असतात. ऑनलाइन घेतलेलं स्वस्त यंत्र सगळेच आवाज सारखे वाढवतं. साचा कानात नीट बसत नाही, म्हणून शिट्टी वाजते. पहिल्या दिवशीच लग्नाच्या हॉलमध्ये लावलं जातं. मग पंखा, भांडी, रिक्षा सगळं अंगावर येतं. त्यापेक्षा पहिला आठवडा शांत घरात रोज एक-दोन तास लावा आणि तीन-चार आठवड्यांत दिवसभरावर न्या. त्या काळात किमान दोनदा ऑडिओलॉजिस्टकडून ट्यूनिंग करून घ्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल शिरून यंत्रं मरतात. रात्री बॅटरीचं दार उघडून सिलिका जेलच्या डबीत ठेवा.

याचा पुरावा मोजून-मापून सांगायचा तर असा: अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षं चाचणी झाली, निष्कर्ष २०२३ मध्ये आले. सगळ्यांचा मिळून फरक दिसला नाही. ज्यांना आधीच धोका जास्त होता त्या गटात मात्र बुद्धीची घसरण ४८ टक्के मंदावली.

७. बीपी आणि शुगर किती ठेवायची?

चाळिशीपासून वरचं बीपी १३० किंवा त्याखाली ठेवावं, असा सल्ला दिला जातो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत वरचं बीपी १४० ऐवजी १२०च्या खाली आणलेल्या गटात सौम्य बौद्धिक घट १९ टक्क्यांनी कमी आढळली. पुऱ्या डिमेन्शियातला फरक मात्र आकडेशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही.

घरी मोजताना पाच मिनिटं टेकून बसा, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. चहा घेतल्या घेतल्या किंवा बोलत मोजलेला आकडा टाकून द्या.

सत्तरीपुढे हिशेब बदलतो. उठून उभं राहताच बीपी पडत असेल तर माणूस आपटतो. शुगर फार खाली जाण्याचे झटकेही मेंदूला घातक असतात. त्यामुळे ८० वर्षांच्या आजींची एचबीए१सी ‘६ वर आणली’ ही नेहमीच शाबासकीची गोष्ट नसते. लक्ष्य किती, ते डॉक्टरांना विचारा.

८. ठाणे-बेलापूर पट्ट्यात राहतो. हवेचाही परिणाम होतो का?

होतो. पीएम २.५ हे सूक्ष्म कण रक्तवाहिन्यांना सूज आणतात. त्यांची जागतिक आरोग्य संघटनेची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम, भारताची ४०. म्हणजे आपल्या नियमात बसणारी हवाही त्यांच्या हिशेबात आठपट.

घर बदलणं शक्य नसतं; वेळ आणि वाट बदलता येते. हिवाळ्यात पहाटे हवा जमिनीलगत कोंडते, तेव्हा ऊन वर आल्यावर चाला. घोडबंदर किंवा पामबीच रस्त्याच्या कडेपेक्षा आतली बाग, खाडीकाठ किंवा येऊरची बाजू बरी. ओढणी-रुमालाने हे कण अडत नाहीत, एन-९५ ने अडतात. घरातल्या धुराचं आपण बोलत नाही: बंद खोलीत रात्रभर जळणारी डासांची कॉइल, धूप, आणि एक्झॉस्टशिवायचं तळण.

९. आजी आणि आई दोघींना झाला. मला होणारच का?

‘होणारच’ असं फार थोड्या घरांत म्हणता येतं. एपीपी, पीएसईएन१, पीएसईएन२ या जनुकांतला दोष असेल तर प्रत्येक मुलाला ५० टक्के शक्यता असते आणि आजार बहुधा पासष्टीच्या आत, कधी चाळिशीतच दिसतो. अशी कुटुंबं एकूण रुग्णांत एक टक्क्याहून कमी.

बाकीच्यांत बोलबाला असतो एपीओई जनुकाच्या ई४ प्रकाराचा. एक प्रत असेल तर धोका साधारण दोन-तीन पट, दोन असतील तर आठ-बारा पट, असं सांगतात. हे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून आलेले आहेत. ई४ असून आजार न होणारे आणि नसून होणारे, दोन्ही पुष्कळ आहेत.

डाउन सिंड्रोमची गोष्ट वेगळी. एपीपी जनुक २१व्या गुणसूत्रावर असतं आणि त्यांच्याकडे ते गुणसूत्र तीन असतात. त्यामुळे चाळिशीतच लक्ष ठेवावं लागतं.

१०. मग जनुकांची किंवा रक्ताची चाचणी आत्ताच करून टाकू का?

लक्षणं नसतील तर नको. ई४ आला तरी सल्ला प्रश्न ५ मधलाच मिळणार, वर झोप उडणार. प्रश्न ९ मधला पहिला प्रकार घरात असेल तर आधी जनुकीय समुपदेशन, मग चाचणी. रक्तातल्या पी-टाऊ २१७ ची (प्रश्न २ मधल्या टाऊच्याच एका रूपाची) चाचणी चांगली आहे, पण ती लक्षणं असलेल्यांसाठी आणि तज्ज्ञाने वाचायची आहे.

११. बायकांना जास्त होतो म्हणतात?

रुग्णांत बायका जास्त आहेत. त्या जास्त जगतात हे एक कारण. आपल्याकडच्या आजच्या आज्यांची शाळा चौथीत सुटली, हे दुसरं. भारतीय पाहणीतही प्रमाण बायकांत, खेड्यांत आणि कमी शिकलेल्यांत जास्त निघालं.

१२. ॲल्युमिनियमचा कुकर, ब्राह्मी, हळद, बदाम, सुडोकू… यांतलं खरं काय?

कुकर: संशय १९६०च्या दशकातला, संबंध सिद्ध झालेला नाही. भांडी फेकायची गरज नाही.

गिंको (झाडाच्या पानांचा अर्क): अमेरिकेत ३,००० हून अधिक वृद्धांवर चाचणी झाली, २००८ च्या निष्कर्षात डिमेन्शिया टळला नाही.

ब्राह्मी आणि हळदीच्या गोळ्या: अल्झायमर टळतो असा भक्कम पुरावा नाही. आमटीतली हळद चालू द्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल डॉक्टरांना न सांगता घेऊ नका.

आहार: भाज्या, डाळी, मासे, दाणे यांवर भर देणाऱ्या प्रसिद्ध ‘माइंड’ आहाराची तीन वर्षांची चाचणीसुद्धा २०२३ मध्ये ठळक फरक दाखवू शकली नाही. हृदयासाठी तो चांगलाच आहे, तेवढ्यावर घ्या.

सुडोकू: सुडोकूने सुडोकू सुधारतं. नवं शिकणं आणि माणसांत मिसळणं जास्त मोलाचं. पालिकेच्या विरंगुळा केंद्रातला पत्त्यांचा डाव, भजनी मंडळात नवी चाल बसवणं हे त्यात येतं.

१३. कोणत्या डॉक्टरकडे जायचं आणि काय तपासतात?

मेंदूविकारतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ किंवा वार्धक्यविकारतज्ज्ञ, यांपैकी कोणीही चालेल. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आणि कळव्याचं महापालिकेचं वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालय हे कमी खर्चाचे पर्याय. मनोरुग्णालय या शब्दाला लोक बिचकतात. केसपेपर काढणं म्हणजे दाखल होणं नव्हे. कुठे जावं हेच उमगत नसेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं.

आधी शोधायची ती बरी होणारी कारणं: बी१२ची कमतरता, थायरॉइड, सोडियम घटणं, नैराश्य. शाकाहारी घरात, किंवा मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी१२ हमखास तपासा. एमआरआय किंवा सीटी स्कॅनमध्ये जुन्या पडण्यातून साचलेलं रक्त दिसतं. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवर ताबा नसणं आणि विसरणं असं त्रिकूट असेल तर मेंदूत पाणी साचलेलं असू शकतं, त्यावर शस्त्रक्रिया आहे.

स्मरणचाचणी ३० गुणांची असते. ती मराठीतून व्हावी आणि शाळा किती झाली ते आधी सांगावं. नाहीतर निरक्षर आजी आजार नसताना नापास होतात आणि निवृत्त प्राध्यापक आजार असूनही पास. जाताना सगळ्या गोळ्यांची पिशवी न्या. सर्दीची क्लोरफेनिरामाइन, लघवीची ऑक्सिब्युटिनिन, झोपेची अल्प्राझोलाम या साध्या वाटणाऱ्या गोळ्याही स्मरण बिघडवतात.

१४. सासरे परवापर्यंत ठीक होते, दोन दिवसांत भ्रमिष्टासारखं करताहेत. हा अल्झायमर का?

अल्झायमर दोन दिवसांत येत नाही. हे डिलिरियम, म्हणजे दुसऱ्या आजारामुळे अचानक आलेला भ्रम, असू शकतं, आणि ते तातडीचं आहे. कारणं: लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, सोडियम पडणं, नवी गोळी, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठ. चेहरा वाकडा किंवा हात लुळा असेल तर पक्षाघात समजा. त्याच दिवशी रुग्णालयात न्या. आधीपासून डिमेन्शिया असलेल्या माणसातही अचानक बिघाड आला तर ‘आजार वाढला’ म्हणून थांबू नका.

१५. गोळ्यांनी बरं वाटतं का?

आजार थांबत नाही. काहींचं काही काळ बरं चालतं. डोनेपेझिल ५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात, चार-सहा आठवड्यांनी १०. मळमळ, जुलाब होऊ शकतात. भयानक स्वप्नं पडू लागली तर रात्रीची गोळी सकाळी घेता येते का ते विचारा. नाडी मंद असेल किंवा चक्कर येऊन पडण्याचा इतिहास असेल तर आधी ईसीजी. रिव्हास्टिग्माईनची चिकटपट्टी लावताना जुनी काढायला विसरू नका. दोन पट्ट्या अंगावर राहिल्या तर दुप्पट मात्रा होते. मध्यम आणि पुढच्या टप्प्यात मेमँटीन देतात.

नेहमी होणारी चूक अशी: डोनेपेझिलने लघवी सुटू लागते, दुसरे डॉक्टर ती रोखायला ऑक्सिब्युटिनिन देतात, आणि ती गोळी पहिलीचा परिणाम पुसून टाकते.

१६. अमेरिकेतली नवी इंजेक्शनं?

लेकॅनेमॅबला २०२३ मध्ये आणि डोनानेमॅबला २०२४ मध्ये तिथे पूर्ण मान्यता मिळाली. ती ॲमिलॉइड धुऊन काढतात. लेकॅनेमॅबच्या चाचणीत १८ महिन्यांत घसरण २७ टक्के मंदावली. १८ गुणांच्या मापपट्टीवर तो फरक अर्ध्या गुणाहून कमी होता. फक्त सुरुवातीच्या टप्प्यात, ॲमिलॉइड सिद्ध झाल्यावरच ती देतात. मेंदूला सूज येऊ शकते किंवा रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून वरचेवर एमआरआय लागतो. ई४च्या दोन प्रती असणाऱ्यांना धोका अधिक. मध्यम टप्प्यातल्या आई-वडिलांसाठी हा पर्याय नाही.

१७. आईला खोलीत लहान मुलं दिसतात, हातपाय ताठ आहेत. झोपेची ‘स्ट्राँग’ गोळी द्यावी का?

थांबा. दिसणारे भास, ताठरपणा, आणि दिवसागणिक चढउतार असं असेल तर लेवी बॉडी डिमेन्शियाचा संशय घ्यावा लागतो. अशा रुग्णाला हॅलोपेरिडॉलसारखं, भास-भ्रम दाबायला देतात ते औषध जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांना भास, ताठरपणा आणि झोपेत हातपाय झाडण्याची सवय हे तिन्ही सांगा. अल्झायमरमध्येही या गटातल्या औषधांनी पक्षाघात आणि मृत्यूचा धोका वाढतो. कमीत कमी मात्रा, कमीत कमी दिवस.

१८. बाबा ‘घरी जायचंय’ म्हणून बाहेर पडतात. काय खबरदारी घ्यावी?

हे ‘घर’ बहुधा जुनं असतं. गिरगाव-लालबागच्या चाळीतून ठाण्यात आलेला माणूस स्टेशनच्या दिशेने निघतो. सिडकोच्या वसाहतीत तर एका सेक्टरातल्या इमारती एकमेकींसारख्या. खाली उतरलेला माणूस चुकीच्या जिन्याने वर जातो. दारावर ठळक रंगाची खूण करा, सदऱ्याच्या आतून फोन नंबर शिवा, वॉचमन आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराला फोटो दाखवून ठेवा.

हरवलेच तर २४ तास थांबायचा नियम नाही. लगेच ११२, स्टेशनसाठी रेल्वेचा १३९. पोलिसांना जुन्या घराचा आणि जुन्या कचेरीचा पत्ता द्या.

१९. नागिणीच्या लशीने डिमेन्शिया टळतो हे खरं का?

वेल्समध्ये जन्मतारखेनुसार लस मिळाली-न मिळाली, अशा लोकांची तुलना २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. लस घेतलेल्यांत सात वर्षांत डिमेन्शिया सुमारे २० टक्के कमी दिसला. ती लस जुन्या प्रकारची होती. लस नागिणीसाठी घ्या. हा फायदा मिळाला तर वरचा.

२०. आईची सही अजून येते. मुखत्यारपत्र करून ठेवलं की पुढची सोय झाली ना?

नाही, आणि इथे अनेक घरं अडकतात. आपल्या कायद्यात मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मन सक्षम राहिलं नाही की ते पत्र संपतं. म्हणजे गरज पडते नेमकं तेव्हाच निरुपयोगी होतं. मग पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं.

म्हणून आजार सुरुवातीच्या टप्प्यात असतानाच बँक खातं ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या पद्धतीचं करा, सोसायटीचं आणि ठेवींचं नामांकन पाहा. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नसली तरी करा. निदान झालं म्हणजे मृत्युपत्र करता येत नाही असं नाही: सही करताना काय लिहिलंय आणि कोणाला काय जातंय हे समजत असलं पाहिजे. त्याच दिवशीचं डॉक्टरांचं तसं प्रमाणपत्र जोडा, आणि ज्याला मालमत्ता मिळणार त्याला त्या वेळी खोलीबाहेर बसवा.